यंदाचा धोंडा

३० नोव्हेंबर

वहीची माफी मागून सुरुवात करतो. मार्चनंतर एक अक्षर नाही. लोर्ना कॅल्गरीला निघून गेली त्या आठवड्यात शेवटचं वाक्य लिहिलं होतं – 'आज विशेष काही नाही.' आज वाचलं आणि लाज वाटली. बायको घर सोडून गेली, आणि हा गृहस्थ लिहितो विशेष काही नाही! खोटं लिहिण्यापेक्षा न लिहिलेलं बरं, असं तेव्हा ठरवलं असावं. की नुसता आळस? आळसाला तत्त्वाचं नाव द्यायची मला खोड आहे.

आज लिहायला बसलो कारण सकाळी चहा करताना खिडकीतून पाहिलं तर तलाव हलत नव्हता. काठाकाठानं बर्फ धरला आहे. म्हणजे उद्यापासून गिरमिट घेऊन भोकं पाडायची, पट्टी घालून जाडी मोजायची, फळ्यावर लिहायची. बर्फवाट समितीचा सचिव ना मी! शाळेत भूगोल शिकवतो म्हणून हे काम माझ्या गळ्यात पडलं. भूगोलाचा आणि गिरमिटाचा काय संबंध, हे मी अकरा वर्षांत विचारलेलं नाही.

स्केट मागच्या दारापाशी खिळ्याला टांगलेले आहेत. असू देत.

२ डिसेंबर

समितीची बैठक. हिल्डाच्या पेंड-चाऱ्याच्या दुकानात, मागच्या बाजूला, कोंबड्यांच्या खाद्याच्या पोत्यांवर बसून. समितीत चौघे: हिल्डा, वेंडेल, त्यांची बायको बर्निस आणि मी. अध्यक्ष नाही. अध्यक्ष म्हटला की खुर्ची आली, आणि बर्फवाटेवर खुर्ची एकच – शेकोटीजवळची, रुंद, ओकची. तिच्यावर धोंडा बसतो.

ही पद्धत आमच्या पाइक्स एल्बो गावाची. पूर्वी हिवाळा लागला की काठावरून खरोखरचा धोंडा बर्फावर ढकलत. टिकला तर स्केटिंग सुरू. एका वर्षी तो बुडाला. दुसरा धोंडा आणायचा सगळ्यांना कंटाळा आला, म्हणून तेव्हापासून माणूस. गावातला सगळ्यात वजनदार माणूस कमरेला दोर बांधून धक्क्यावरून उतरतो, तलावाच्या कोपऱ्याला वळसा घालतो, ओढ्याच्या अंगानं देवदारांतून परत येतो. तो परत आला की वाट उघडली. माझी गिरमिटाची मोजणी फळ्यावर असते, पण ती कोणी वाचत नाही. धोंड्याचे पाय कोरडे आहेत ना, एवढंच बघतात.

एकोणीस वर्षं धोंडा म्हणजे वेंडेल. तीनशे दहा पौंड. आज ते दारातून आले आणि मी ओळखलंच नाही! कोट खुंटीला टांगल्यासारखा अंगावर लोंबत होता.

"मास्तर, तोंड मिट," ते म्हणाले. "माशी जाईल."

"डिसेंबरात माशी कुठली?" हिल्डा म्हणाली.

"तरी मिट."

मे महिन्यात त्यांच्या हृदयाचं मोठं ऑपरेशन झालं. मी कार्ड पाठवलं होतं. भेटायला गेलो नाही. ऑगस्टमध्ये पोस्टाबाहेर एक सडसडीत म्हातारा मला हात करत होता, कोणी परका समजून मी नुसती मान हलवली होती. ते वेंडेल होते!

"मसूर, कोबी आणि चालणं," बर्निस म्हणाली. "डॉक्टरनं सांगितलंय, पुन्हा वजन चढलं तर मला नका बोलावू, पाद्र्याला बोलवा."

प्रश्न सगळ्यांच्या मनात एकच. शेवटी वेंडेल स्वतःच म्हणाले, "धोंडा मीच. त्यात चर्चा कसली? पुढचा विषय."

पुढचा विषय वाटाण्याचं सूप.

निघताना हिल्डानं दारात अडवलं. ती शाळेत माझ्या पुढच्या बाकावर बसायची, अजूनही मान वळवून बोलल्यासारखीच बोलते. "स्केट कधी आणतोस धारेला?"

"बघू."

"खिळ्यालाच आहेत ना? गंज चढला तर माझ्याकडे येऊ नकोस हं."

५ डिसेंबर

आपल्याच पायावर धोंडा पाडून घेणं म्हणजे काय ते आज कळलं.

टोरांटोच्या मासिकाचा हिवाळी अंक आला. 'या हिवाळ्यात जायलाच हव्यात अशा बर्फवाटा' – आणि त्यात आम्ही सहावे! आमच्या पुढच्या पाचही वाटांना गरम कॉफीचे ठेले आहेत, विजेचे दिवे आहेत. आमच्याकडे शेकोटी आणि एक खुर्ची. तरी सहावे. पोस्टात लोकांनी माझी पाठ थोपटली, कारण मजकूर मीच पाठवला होता सप्टेंबरात. छान लिहिला होता. 'पाइक्स एल्बोला बर्फाची हमी यंत्र देत नाही. ती देतो वेंडेल – तीनशे दहा पौंडांची चालती-बोलती खात्री. सव्वीस डिसेंबरला येऊन पाहा.'

सप्टेंबरात वेंडेल किती पौंडांचे होते हे मी पाहिलं नव्हतं. नव्वद मीटरवर त्यांचं घर! पोरांनी उत्तरात शहराची लोकसंख्या जुनी लिहिली तर मी अर्धा गुण कापतो.

६ डिसेंबर

बर्फ दोन इंच. अपराधीपणा त्याहून जाड.

९ डिसेंबर

गिरमिट ठेवायला होड्यांच्या शेडमध्ये गेलो. कोपऱ्यात, उलट्या होडीच्या आड, वेंडेल. मांडीवर बटर टार्टचा, लोणी-पाक भरलेल्या त्या गोड वाट्यांचा, खोका. मिशीला साखरेचा पाक.

खोका झाकायला त्यांनी टोपी पुढे केली, पण खोका मोठा होता.

"बर्निसला बोललास," ते म्हणाले, "तर तुझ्या त्या भोकातून तुलाच खाली सोडीन."

"डॉक्टर काय म्हणाले ते मी ऐकलंय, वेंडेल."

"डॉक्टर सव्वीस तारखेला येणार नाहीये. टोरांटोची माणसं येणार आहेत. हातात मासिक घेऊन. तीनशे दहा पौंड बघायला. मी काय दाखवू त्यांना? ही चादर?" त्यांनी पोटावरची सैल कातडी शर्टासकट चिमटीत धरली.

मी म्हणालो, मासिकाला पत्र लिहितो, चूक माझी. ते हसले. छान हसले, त्यानं जास्तच वाईट वाटलं.

"मास्तर, वर्षभर मी लोकांच्या सेप्टिक टाक्या उपसतो. माझी गाडी आली की लोक खिडक्या लावून घेतात. वर्षातून एकदा मी त्या धक्क्यावरून उतरतो आणि अख्खं गाव श्वास धरून उभं राहतं. तेही वेगळ्या कारणानं." मग आणखी एक टार्ट उचललं. त्यांच्या कपाळाला घाम होता, शेडमध्ये तर उणे दहा. डावा हात ते मधूनमधून झटकत होते.

"हाताला काय झालं?"

"पचतंय. बस. पुरावा नष्ट करायला मदत कर."

मी दोन टार्ट खाल्ली. (तीन.)

१० डिसेंबर

बर्निसला सांगायचं? मी वचन दिलेलं नाही, पण त्यांची टार्ट खाल्ली आहेत. टार्ट खाल्ल्यानं मी बांधला गेलो का? आणि गप्प राहिलो आणि त्यांना काही झालं तर? मासिकात मी लिहिलं म्हणून ते खातात. म्हणजे एका अर्थी त्यांना मीच भरवतोय.

दिवसभर वर्गात नद्यांऐवजी रक्तवाहिन्याच दिसत होत्या.

१२ डिसेंबर

प्रश्न सुटला – बर्निस स्वतःच आली. कोबीच्या सुपाचं पातेलं घेऊन.

"त्यांच्या मिशीला पाक असतो, मास्तर. मी काय आंधळी आहे?"

मी सुटकेचा निःश्वास टाकला आणि म्हणालो, मग बोला ना त्यांना!

"बोलले की चोरून दुप्पट खातील. अहो, चाळीस वर्षं संसार केलाय. ते धोंडेपण गेल्याशिवाय खाणं जायचं नाही. पण मी काढून घेतलं तर मनाला लावून घेतील. दया दाखवून कोणी घेतलं तर त्याहून वाईट. ते नियमानं गेलं पाहिजे." मग पातेल्याचं झाकण नीट बसवत, अगदी सहज – "त्यांच्याहून जड माणूस असेलच की गावात आता कोणीतरी."

आणि ती माझ्या बंडीच्या मधल्या बटणाकडे बघत राहिली.

ती गेल्यावर मी पण बघितलं. बटण दोऱ्याच्या शेवटच्या धाग्यावर होतं.

घरात वजनकाटा नाही. लोर्ना घेऊन गेली. तिचाच होता.

१३ डिसेंबर

आरसा. कमरपट्ट्याची भोकं. मार्चपासून रोज संध्याकाळी टीव्हीपुढे बसून खोक्यातला पिझ्झा गरम करून खाल्ला, कधी दोन. चाललो किती? गाडीपर्यंत. तलावावर गेलो तो फक्त भोकं पाडायला.

नियम असा आहे: दावा दोघांचा असेल तर हिल्डाच्या दुकानातल्या काट्यावर, गावासमोर, वजन. म्हणजे मला सगळ्यांसमोर चढावं लागेल. शाळेतली पोरं असतील. त्यांचे आईबाप असतील. लोर्नाची चुलत बहीण असेल, ती फोन करेल कॅल्गरीला.

मला भीती वाटते ती वेंडेलच्या हृदयाची की माझ्या पोटाची? दोन्हीची, पण कुठली जास्त? प्रामाणिक उत्तर लिहायचं तर – जाऊ दे, प्रामाणिक उत्तर नको.

१५ डिसेंबर

केलं! बैठकीत उठून उभा राहिलो (पोतं फाटलं, मका सांडला, हेही शुभ नव्हे) आणि म्हणालो, "यंदा धोंडेपणावर माझा दावा आहे."

हिल्डा मका गोळा करायला वाकली ती वर येईचना.

"तू?" वेंडेल म्हणाले.

"मी."

"तुला स्केट करायला मी शिकवलं! स्वयंपाकघरातली खुर्ची पुढे ढकलत फिरायचास, नाक गळायचं! खुर्ची जड होती तुझ्यापेक्षा!"

"तेव्हा होती."

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. आधी कधी पाहिलंच नव्हतं तसं. मग टोपी घातली. "शनिवारी," एवढंच म्हणाले आणि गेले. दार आपटलं नाही. आपटलं असतं तर बरं वाटलं असतं.

बर्निसनं सुपाच्या यादीत काहीतरी खोडलं.

१६ डिसेंबर

गावाला काम मिळालं आहे. पोस्टात बाईनं मला केकचा तुकडा दिला, वर म्हणाली, "ताकद ठेवा, मास्तर." पेट्रोल भरताना एकजण – "मी वेंडेलच्या बाजूनं आहे, पण तुमची हाडं मोठी आहेत हे मान्य." वर्गात फळ्यावर कोणीतरी वजनकाट्याचं चित्र काढून ठेवलं होतं. प्रमाण बरोबर होतं, म्हणून पुसलं नाही लगेच.

नवल म्हणजे दिवसभरात निदान वीस माणसं माझ्याशी बोलली. उन्हाळाभरात तेवढी बोलली नसतील. की बोलली होती, आणि मीच मान हलवून पुढे गेलो?

१८ डिसेंबर

झालं. सविस्तर लिहितो, नाहीतर उद्या मी आपल्या सोयीनं आठवेन.

दुकान खचाखच भरलं होतं. काटा म्हणजे पोती तोलायचा लोखंडी चौथरा, समोर घड्याळासारखी मोठी तबकडी. वजन मोठ्यानं वाचायला बर्निस. "नवऱ्याची बाजू घेशील!" मागून कोणीतरी ओरडलं. "नवऱ्याची बाजू घ्यायची असती तर चाळीस वर्षांत कधीतरी घेतली असती," ती म्हणाली.

आधी वेंडेल. कोट घालून चढले. तबकडीचा काटा जो सुटला तो दोनशे ऐंशीच्या पुढे! लोक ओरडले. बर्निस पुढे झाली आणि त्यांच्या खिशात हात घातला. डाव्या खिशातून मासेमारीची शिशाची वजनं निघाली. उजव्यातून घोड्याची नाल. आतल्या खिशातून पाना, मोठा, टाक्यांची झाकणं उघडायचा. ती एकेक वस्तू काढून गल्ल्यावर ठेवत होती, बाजारातून आणलेली भाजी मांडावी तशी.

"पायमोज्यात?" तिनं विचारलं.

"पायमोज्यात काही नाही."

तिनं नुसतं पाहिलं. वेंडेल खाली वाकले आणि पायमोज्यातून बोल्टांच्या दोन पुड्या काढल्या.

"दोनशे एकतीस," बर्निसनं वाचलं. दुकानात कोणी हसलं नाही. मला वाटलं हसतील. वेंडेल उतरले आणि गल्ल्यावरची नाल उगाच सरळ करत उभे राहिले.

मग मी. कोट काढला, स्वेटर काढला, बूट काढले. हिल्डा म्हणाली, बूट राहू दे रे. मी म्हणालो, नाही, उगाच संशय नको. खिसे उलटे करून दाखवले. रुमालसुद्धा बाहेर ठेवला. मायेनं म्हणा, तोल जाईल म्हणून म्हणा, हिल्डा येऊन अगदी माझ्या पाठीला लागून उभी राहिली. मी तबकडीकडे बघत होतो. काटा गेला, थांबला. मग जरा थबकून, दम खाऊन, आणखी पुढे गेला.

"दोनशे एक्केचाळीस," बर्निसनं वाचलं.

कोणीतरी खोकलं. सगळ्यांच्या नजरा माझ्या पायांकडे. माझ्या उजव्या मोज्याला भोक आहे ते मला तेव्हा आठवलं. पोस्टातल्या बाईनं तोंडाला हात लावला. कीव! शुद्ध कीव.

वेंडेलही खाली बघत होते. काहीतरी बोलायला त्यांनी तोंड उघडलं. बर्निसनं त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी तोंड मिटलं. मग हळूच टोपी काढली आणि माझ्यापुढे हात केला.

"नियम म्हणजे नियम," ते म्हणाले.

मी जिंकलो. दोनशे एक्केचाळीस पौंड. घरी येऊन कोबीचं सूप प्यायलो आणि दिवे न लावता बसलो.

१९ डिसेंबर

दोर धरायचा मान मागच्या धोंड्याचा. वेंडेल येतील का? निरोप पाठवायची छाती नाही. त्यांचं एकमेव राज्य मी काढून घेतलं, तेही त्यांच्याच भल्याचं नाव पुढे करून. भलं करणाऱ्या माणसांचा मला नेहमी संशय येतो. आता मी त्यांतला एक.

शेडमध्ये डोकावलो. उलट्या होडीआड कोणी नव्हतं. टार्टचा खोका होता, अर्धा भरलेला, खारीनं कुरतडलेला. हे चांगलं लक्षण.

२३ डिसेंबर

पाच इंच. चार इंचाला माणूस चालतो. म्हणजे पुस्तकाप्रमाणे. पुस्तक लिहिणाऱ्याचं वजन पुस्तकात दिलेलं नाही.

२६ डिसेंबर

धक्क्यावर सगळं गाव, शिवाय परक्या गाड्यांची रांग पार चर्चपर्यंत. टोरांटोची माणसं नव्या कोऱ्या टोप्या घालून, हातात मासिक. एक बाई मला विचारते, "तीनशे दहावाले कुठे आहेत?"

मी म्हणालो, "यंदा मी आहे."

तिनं मासिकाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "बरं," म्हणाली. परत करता आलं असतं तर केलं असतं तिनं मला.

वेंडेल आले. खांद्यावर दोर. गुड मॉर्निंग नाही, काही नाही, सरळ माझ्या कमरेला बांधायला लागले. गाठ अशी आवळली की माझा श्वास अडला.

"घट्ट होतंय."

"होऊ दे. रागही त्यातच बांधलाय."

उतरलो. मी पुढे, दहाएक पावलं मागे दोर धरून वेंडेल, हीच पद्धत. देवाशपथ, पाच इंच मी स्वतः मोजलेला असूनही प्रत्येक पाऊल आधी टाचेनं ठोकून बघत होतो. कोपऱ्यापाशी बर्फानं आवाज दिला – खालून कोणीतरी लांबलचक पिंप गडगडत न्यावं तसा. गाववाले टाळ्या वाजवायला लागले, कारण बोलणारा बर्फ जाड होत असतो. टोरांटोची माणसं एका वेळी तीन पावलं मागे सरकली. आणि मी थांबलो.

"थांबू नको!" मागून वेंडेल. "तू थांबलास तर मी येऊन तुझ्यावर आदळीन, मग दोघं मिळून खालच्या माशांना भूगोल शिकवू! चाल!"

चाललो.

देवदारांत शिरलो, तिथून गाव दिसत नाही. वेंडेलनी दोर जरा सैल सोडला.

"मास्तर, खरं सांगू? तिसऱ्या टार्टनंतर हा हात बधिर व्हायचा."

"मग खात कशाला होतात!"

"चौथं चांगलं लागायचं."

आम्ही दोघेही हसलो आणि फांद्यांवरचा बर्फ आमच्या मानेत पडला. मग ते म्हणाले, "आता बर्निसचा मसूर खातो. मसूर काय, खायचा असतो. चवीचं नाव काढायचं नाही." थोडं पुढे गेल्यावर – "ऑगस्टमध्ये पोस्टाबाहेर मी तुला हात केला होता."

"माहीत आहे. आता माहीत आहे."

"मला वाटलं, पोरगं गेलं हातचं."

चालत राहिलो. थांबायचं नाही म्हणून सांगितलं होतं ना.

धक्क्यावर परत आलो तेव्हा पाय कोरडे. आरोळी झाली, टार्टचा ट्रे आला. मी एक घेतलं आणि ट्रे गर्दीत दिला, वेंडेलच्या विरुद्ध दिशेला.

२ जानेवारी

धोंड्यानं सुटीच्या दिवशी शेकोटीजवळच्या खुर्चीत बसायचं असतं. लोक येता-जाता त्याच्या हाताला हात लावतात, शुभ म्हणून. मी बसतो. खुर्ची मला चांगलीच सैल होते, दोन्ही बाजूंना उशा खुपसून बसावं लागतं. याचा मी जास्त विचार केलेला नाही.

वेंडेल शेजारी ओंडक्यावर बसून परक्या लोकांना एकोणीस वर्षांच्या कथा सांगतात. बर्फ दर वेळी पातळ होत चाललाय. कथेतला. आज अर्धा इंचावर आला होता. टोरांटोची ती बाई पुन्हा आली, पोरांना घेऊन, आणि खुर्ची सोडून त्यांच्यापाशी बसली. मला मत्सर वाटला का? थोडा. मग बरं वाटलं. मग बरं वाटल्याचा संशय आला.

हिल्डा तीनदा समोरून स्केट करत गेली. तिसऱ्या वेळी मागे वळून ओरडली, "बसूनच राहणार का हिवाळाभर?"

"धोंड्यानं बसायचंच असतं!"

"नियम वाच की! 'बसावं' आहे, 'चिकटावं' नाही!"

नियम मीच टाइप केले होते. तिचं बरोबर आहे.

७ जानेवारी

बर्निसच्या हट्टापायी दवाखान्यात गेलो – धोंड्याचंही हृदय तपासायला हवं म्हणे. नर्स माझी जुनी विद्यार्थिनी, कारीन. वजन घेतलं. दोनशे तीन.

म्हणालो, तुमचं यंत्र बिघडलंय. अडतीस पौंडांचा फरक! तीन आठवड्यांत हे शक्यच नाही.

"सर," कारीन म्हणाली, "हिल्डाचा बूट होता ना काट्यावर. तुमच्या मागून. सगळ्या दुकानानं पाहिला. वेंडेलनीसुद्धा. तुम्ही नाही पाहिलात?"

दवाखान्यातून बाहेर आलो आणि पहिला विचार – म्हणजे बर्फ तपासलाच गेला नाही! लोक नाचताहेत त्यावर! मग आठवलं. माझ्यामागे, दोर धरून, सगळं अंतर, दोनशे एकतीस पौंड चालले होते. त्यांना माहीत होतं. धोंडा चाललाच होता.

खरं सांगून टाकायला हवं का? पण कुणाला? माझ्याखेरीज सगळ्यांना आधीच माहीत होतं.

उद्या: स्केट खिळ्यावरून काढून हिल्डाकडे धारेला नेणे.